पंडिता रमाबाई : शिक्षिकेची मराठी

पंडिता रमाबाई सरस्वती यांच्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन त्यांचे धर्मांतर आणि त्यांचे स्त्रीउद्धाराचे कार्य या दोन विषयांभोवती फिरते. त्यांच्या मराठीचा विचार त्या मानाने थोडाच झाला. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून 1924 साली त्यांचे संपूर्ण बायबल बाहेर पडले, त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्या निमित्ताने रमाबाईंचे स्मरण एक शिक्षिका आणि एक भाषाप्रेमी म्हणून करावे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी, घरकामास लागण्यापूर्वी, आपल्या मुलीस शिकविले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंच्या मुखोद्गत होते. त्यांची विद्वत्ता पाहून 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. म्हणजे आईकडून मुलीकडे आलेली विद्या हे त्यांच्या चरित्राचे मूळ होय. पुढे त्यांनी जे काही केले, ते हीच विद्या ज्यांना आई उरली नव्हती अशा मुलींपर्यंत पोचविण्यासाठी केले.

त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक 1882 चे. स्त्रियांना उपदेश करण्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकाची भाषा संस्कृतप्रचुर आहे. ज्या स्त्रियांसाठी ते लिहिले, त्यांतील कितीजणींना ते वाचता आले असते, हा प्रश्न विचारावाच लागतो. येथे पंडिता बोलते. शिक्षिका अद्याप बोलू लागलेली नाही. सात वर्षांनी, 1889 साली, प्रसिद्ध झालेले अमेरिकेचे प्रवासवृत्त वाचताना मात्र आपण निराळ्याच लेखिकेच्या सहवासात आहोत असे वाटते. तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, राज्यकारभार यांची माहिती देताना त्यांचे गद्य मोकळे होते, प्रसंगी चिमटेही काढते. मधल्या काळात त्या इंग्लंडला जाऊन चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात शिकल्या होत्या आणि तेथे संस्कृत शिकवीतही होत्या. भाषेत पडलेला हा फरक आम्ही त्यांच्या अध्यापनाच्या खाती जमा करतो. समोरचा विद्यार्थी शिक्षकाची वाक्ये दुरुस्त करीत असतो, हे ज्याने शिकविले आहे त्यास सांगावयास नको.

1889 सालीच त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. 1896 नंतरच्या दुष्काळांत मध्य प्रांत व गुजरातेतून शेकडो अनाथ मुली व विधवा केडगावी आल्या. त्यांतील कित्येकींना मराठी हीच नवी भाषा असणार. या वाचकवर्गाला डोळ्यांपुढे ठेवूनच रमाबाईंच्या बायबलकडे पाहिले पाहिजे. उपलब्ध मराठी बायबलची भाषा खेड्यातील सामान्य स्त्रीस जड जाते, हे त्यांनी जाणले. मग या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून सोपे भाषांतर करण्यास आयुष्याची अखेरची वर्षे दिली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या. छापून पूर्ण झालेला ग्रंथ त्यांना पाहावयास मिळाला नाही.

या भाषांतराचे मोल मान्य करूनही त्यातील उणीव सांगितली पाहिजे. जुन्या धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द रमाबाईंनी कटाक्षाने टाळले आणि मुळाबरहुकूम राहण्याचा आग्रह धरला. त्यामुळे काही ठिकाणी भाषा सोपी असूनही परकी वाटते. याउलट फादर थॉमस स्टीफन्स यांनी रायतूर येथे 1616 साली छापून प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुराणासाठी लोकांच्या कानांत बसलेली ओवी निवडली आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. जन्माने इंग्रज असलेल्या धर्मगुरूने मराठीचा जुना ठेवा मुक्तहस्ते उचलावा आणि त्या ठेव्याच्या वारसदार कन्येने तो बाजूस ठेवावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शब्दांस चिकटलेल्या जुन्या आठवणी धुऊन काढल्या की त्यांचे तेजही थोडे उतरते, असे आमचे मत आहे. रमाबाईंचे बायबल मुक्तीबाहेर फारसे रुळले नाही, त्यास हेही एक कारण असावे.

तथापि त्यांचा त्याग लहान ठरत नाही. भाषेवर प्रेम करणारे बहुधा भाषेच्या अलंकारांवर प्रेम करतात. रमाबाईंपाशी ते अलंकार इतरांहून अधिक होते. नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या मुलीसाठी त्यांनी ते उतरवून ठेवले. स्टीफन्स आणि रमाबाई यांचे मार्ग वेगळे असले, तरी दोघांनीही लिहिताना आपला श्रोता कोण हे आधी ठरविले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आमच्या वेदीवर मराठी आली. ती वेदीवरून शेवटच्या बाकावर बसलेल्या, दिवसभर वाडीत राबून आलेल्या बाईपर्यंत पोचते काय? आमच्या शाळांतून मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांनी आणि प्रवचनाची तयारी करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनी रमाबाईंची ही तीन पुस्तके क्रमाने वाचावीत. एका विदुषीला सोपे लिहावयास शिकण्यासाठी किती वर्षे आणि किती कष्ट लागले, हे त्यांतून समजेल.