दोन मजल्यांचे तळघर : ‘डायाब्लो’च्या मोफत नमुन्याचे परीक्षण

संगणकावरचे खेळ हा विषय शिक्षकांच्या खोलीत निघतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात. मुले तासन् तास पडद्यासमोर बसतात, झोप कमी होते, अभ्यास मागे पडतो. तक्रार खोटी नाही. पण पुस्तक न उघडता त्यावर अभिप्राय द्यावा तसे काहीसे त्यात होते. खेळाच्या आत काय आहे, तो कशावर चालतो आणि खेळणाऱ्याला कशाने धरून ठेवतो, हे पाहिले तर आपले बोलणे मुलांना पटण्याची शक्यता वाढते. म्हणून येथे एकाच खेळाचे, तेही त्याच्या मोफत नमुन्याचे, परीक्षण करू.

हा खेळ म्हणजे ‘डायाब्लो’. कॅलिफोर्नियातील ‘काँडॉर’ नावाच्या छोट्या गटाने तो रचला. १९९६ मध्ये ब्लिझार्ड कंपनीने हा गट विकत घेतला आणि १९९६-९७ च्या सांध्यावर खेळ बाजारात आला. कथा फार साधी आहे. ट्रिस्ट्रम नावाचे उजाड गाव, गावाबाहेर पडके चर्च, चर्चखाली सोळा मजल्यांचे तळघर आणि सर्वांत खाली सैतान. खेळणाऱ्याने एकेक मजला उतरत, राक्षसांशी लढत, सापडेल ते शस्त्र-चिलखत गोळा करत तळ गाठायचा. नावामागे एक गंमत आहे. डेव्हिड ब्रेविक हा मुख्य रचनाकार पूर्वी ज्या भागात राहत असे तेथे ‘माउंट डायाब्लो’ नावाचा डोंगर आहे. खेळाला नाव मिळाले ते त्यावरून.

नमुना संगणकावर चढवताना

पूर्ण खेळ विकत घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला चव कळावी म्हणून त्याचा एक भाग मोफत वाटायचा, ही पद्धत त्या काळी रूढ होती. आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो, तसेच हे. डायाब्लोच्या नमुन्यात सोळापैकी दोनच मजले आहेत आणि तीनपैकी एकच पात्र, म्हणजे योद्धा, निवडता येते.

१९९७ साली या खेळासाठी विंडोज ९५, ६० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ८ मेगाबाइट स्मृती पुरेशी होती. आज तो जुना कार्यक्रम नव्या यंत्रावर सरळ चालतोच असे नाही. मात्र २०१८ मध्ये एका प्रोग्रामरने मूळ यंत्रभाषेतील फाइल उलगडून तिच्यामागची आज्ञावली पुन्हा लिहून काढली. प्लेस्टेशनवरील जपानी आवृत्तीत आज्ञावलीतील नावांची यादी चुकून तशीच राहून गेली होती. तिचा या कामात मोठा उपयोग झाला. या कामातून पुढे आलेला ‘डेव्हिल्यूशनएक्स’ हा मोफत कार्यक्रम आज विंडोज, लिनक्स, फोन, इतकेच काय रास्पबेरी पायवरही चालतो. तो उतरवून घ्यायचा, कंपनीने मोफत वाटण्यासाठीच काढलेली नमुन्याची ‘स्पॉन’ नावाची फाइल त्याच्या शेजारी ठेवायची आणि कार्यक्रम सुरू करायचा. पूर्ण खेळाची फाइल सापडली नाही की तो आपोआप नमुना दाखवतो.

येथेच विद्यार्थ्यांना पहिला हिशोब देता येईल. नमुन्याची फाइल सुमारे २५ मेगाबाइट, म्हणजे सुमारे २०० मेगाबिट. सेकंदाला २८.८ किलोबिट या वेगाच्या जुन्या मोडेमवरून ती उतरवायला किती वेळ लागला असता? उत्तर जवळजवळ दोन तास येते. पूर्ण खेळाची मुख्य फाइल सुमारे ५१७ मेगाबाइट आहे. तिला चाळीस तास लागले असते. पूर्ण खेळ तबकडीवरून विकायचा आणि नमुना तारेवरून पाठवायचा, यामागचे कारण या दोन आकड्यांत आहे.

नकाशा साठवलेला नाही

खेळ सुरू केल्यावर पहिल्याच मजल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आज डावीकडे असलेली खोली उद्या नवा खेळ सुरू केला की तेथे नसते. तळघर दर वेळी नव्याने बांधले जाते. ही कल्पना डायाब्लोची नव्हे. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ‘रोग’ या खेळात ती होती. त्यात चित्रे नव्हती; भिंती, दारे, राक्षस सारे काही अक्षरांनी दाखवलेले. रचणाऱ्यालाही खेळताना नवल वाटावे, हा त्यामागचा हेतू होता.

डायाब्लोचा एक मजला ४० × ४० म्हणजे १६०० मोठ्या चौकोनांवर बेतलेला असतो. संगणक प्रथम एक खोली मांडतो, तिच्या बाजूंना नव्या खोल्या फुटू देतो, त्यांना पुन्हा आडव्या-उभ्या फांद्या. शेवटी तो व्यापलेले चौकोन मोजतो. पहिल्या मजल्यावर ते किमान ५३३ आणि दुसऱ्यावर किमान ६९३ भरले पाहिजेत. कमी पडले तर सारे पुसून पुन्हा सुरुवात. खेळणाऱ्याला दिसतो तो या चाळणीतून उतरलेला नकाशा.

या सगळ्याच्या मुळाशी एकच संख्या असते. तिला ‘बीज’ म्हणतात. बीजाला २,२६,९५,४७७ ने गुणायचे, १ मिळवायचा आणि उत्तराला २ च्या ३२ व्या घाताने भागून बाकी घ्यायची. ही बाकी म्हणजे पुढची संख्या. तिच्यावर पुन्हा तीच क्रिया. संख्यांची माळ वाटते अगदी यदृच्छेने आलेली. पण बीज तेच ठेवले तर माळही तंतोतंत तीच येते. म्हणूनच गावात जाऊन परत आलो तरी तळघर बदललेले नसते.

हे फळ्यावर दाखवायला संगणक लागत नाही. ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. १ पासून निघालो तर माळ अशी येते : १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६ आणि पुन्हा १. शून्य ते पंधरा या सोळाही संख्या एकेकदा आल्या. आता विद्यार्थ्यांना विचारावे, की ‘सम आल्यास छापा, विषम आल्यास काटा’ असे ठरवले तर? माळेकडे नीट पाहिल्यास विषम, सम, विषम, सम असा क्रम शेवटपर्यंत दिसेल. असला नाणेफेकीचा खेळ कोणीही दुसऱ्या फेरीत ओळखेल. त्याऐवजी ‘८ किंवा त्याहून मोठी आल्यास छापा’ असे ठरवले की हा दोष लपतो. डायाब्लोची आज्ञावलीही याच कारणासाठी संख्येचा वरचा भाग वापरते. दिसायला यादृच्छिक असणे आणि खरोखर यादृच्छिक असणे यांतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच समजावता येतो.

या ‘ठरलेल्या यदृच्छे’चा एक उपयोग तर रचनाकारांच्याही मनात नसेल. हा खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याचा ३ मिनिटे १२ सेकंदांचा एक विक्रम २००९ पासून मानला जात होता. अलीकडे काही अभ्यासकांनी संभाव्य बीजे, म्हणजे दोनशे कोटींहून अधिक, संगणकाकरवी एकेक तपासली. विक्रमाच्या चित्रफितीत दिसणारे मजले त्या क्रमाने कोणत्याही एका बीजातून निघत नाहीत, असे आढळले. निरनिराळ्या खेळांतले तुकडे एकत्र आले असावेत, हा निष्कर्ष निघाला आणि तो विक्रम यादीतून काढला गेला. दावा, त्यातून निघणारे भाकीत आणि भाकिताची तपासणी, ही विज्ञानाची रीत येथे एका खेळाला लावलेली दिसते.

पडद्यावर ६०, आत ८१

सुरुवातीला खेळ घाईचा वाटतो. उंदराची कळ दाबली की योद्धा तलवार मारतो. प्रत्यक्षात मुळात हा आळीपाळीने खेळायचा खेळ होता. ब्रेविक बदलाला राजी नव्हते. पण एकदा करून पाहिल्यावर एका दुपारीच तो सलग चालणारा झाला. आजही आत सारे डावानेच चालते, फक्त सेकंदाला वीस डाव पडतात!

प्रत्येक वाराला शंभर बाजूंचा फासा पडतो. नवा योद्धा घेतला तर वार लागण्याची शक्यता अशी काढतात : मूळ ५०, चपळाईचे (२० चे निम्मे) १०, पातळीचा १ आणि योद्धा म्हणून २०; एकूण ८१. यातून समोरच्या राक्षसाच्या चिलखताचा आकडा वजा करायचा. साध्या झोंबीचा आकडा ५ असतो, म्हणून शक्यता ७६ टक्के. ओळीने दोन वार हुकण्याची शक्यता ०.२४ × ०.२४, म्हणजे शंभरात सुमारे सहा वेळा. शिवाय खेळणाऱ्याची शक्यता ९५ च्या वर किंवा ५ च्या खाली जाऊ दिलेली नाही. कितीही कसलेला वीर असला तरी वीसांत एक वार हुकणारच.

येथे माझा पहिला आक्षेप आहे. मूळ खेळात पडद्यावर योद्ध्याच्या नावापुढे ६० टक्के असे लिहिलेले असते. पातळी आणि पात्राचा लाभ त्यात धरलेला नाही आणि समोरच्याचे चिलखतही नाही. आकडा दाखवायचा आणि तो अपुरा दाखवायचा, हे खेळातही बरे नव्हे. मात्र विद्यार्थ्यांसाठी ही आयती संधी आहे. शंभर वार मोजावेत, लागलेल्यांची टक्केवारी काढावी आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. आकडा छापलेला आहे म्हणून खरा मानू नये, हे त्यांना स्वतःच्या मोजणीतून कळेल.

दुसरे निरीक्षण चित्रांविषयी. तळघर तिरक्या कोनातून, वरून पाहिल्यासारखे दिसते. यास सर्रास ‘आयसोमेट्रिक’ म्हणतात. पण फरशीचा प्रत्येक चौकोन ६४ ठिपके रुंद आणि ३२ ठिपके उंच आहे. म्हणजे त्याच्या कडा आडव्या रेषेशी सुमारे २६.६ अंशांचा कोन करतात. खऱ्या आयसोमेट्रिक चित्रात हा कोन ३० अंशांचा हवा. दोन ठिपके आडवे, एक उभा अशी पायरी केली की रेषा पडद्यावर सुबक येते, म्हणून ही तडजोड. भूमितीच्या शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

चित्रे आणि ध्वनी यांबाबत नमुना सरस आहे. २५६ रंगांत उभा केलेला अंधार आणि गावात वाजणारी मॅट युलमन यांची गिटार अजूनही परिणाम करते. उलट कथा नाममात्र आहे, संवाद थोडे आहेत आणि दुसऱ्या मजल्यानंतर हाताला फक्त कळ दाबण्याचे काम उरते की काय, असे वाटू लागते. रक्तपात आणि सैतानी चित्रे भरपूर आहेत. अमेरिकेत या खेळाला सतरा वर्षांवरील वयाची खूण मिळाली होती. लहान वर्गांना तो दाखवू नये; मोठ्यांनाही त्यामागचे गणित शिकवताना शिक्षकाने सोबत असावे.

फोड, आणि न संपणारी फोड

मग कंटाळा का येत नाही? उत्तर राक्षस मेल्यावर मिळते. कधी काहीच पडत नाही, कधी दोन-चार मोहरा आणि क्वचित एखादे निळ्या अक्षरांतले जादूचे शस्त्र. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोग मांडले होते. बक्षीस ठरावीक वेळी देण्यापेक्षा अनियमितपणे दिले तर प्राणी कळ दाबण्याचे काम अधिक चिकाटीने करतो, असे त्यांतून दिसले. जुगाराच्या यंत्राचे बळ यातच आहे. डायाब्लोचा नमुना या बळावरच उभा आहे आणि तो थांबतो तेव्हा खेळणाऱ्याला पुढच्या मजल्यावर काय असेल याची ओढ लागलेली असते.

तरीही या नमुन्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो संपतो. फोड खाल्ली, आवडली तर आंबा घ्या, नाही तर पुढे चला. फाशावर आणखी पैसे लावायची सोय त्यात नाही. याच मालिकेतील ‘डायाब्लो इम्मॉर्टल’ हा खेळ २०२२ मध्ये आला, तो मात्र फुकट प्रवेशाचा. आत गेल्यावर चांगली रत्ने मिळण्याची शक्यता पैसे मोजून वाढवता येते. पैसे देऊन नशिबाची पेटी उघडण्याच्या प्रकाराला बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवले होते. हा खेळ बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये प्रसिद्धच झाला नाही. फासा दोन्हीकडे आहे. एकीकडे तो खेळणाऱ्याचा वेळ घेतो, दुसरीकडे खिसाही.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात आज जे खेळ आहेत, त्यांतले अनेक दुसऱ्या जातीचे आहेत. त्यांच्यापुढे ‘खेळ वाईट’ एवढे म्हणून भागणार नाही. ७६ टक्के म्हणजे काय, ओळीने तीनदा हरल्यावर चौथ्या वेळी जिंकण्याची शक्यता का वाढत नाही, दाखवलेला आकडा खरा की अपुरा, आणि नमुना कोठे संपतो, हे प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागली पाहिजे. दोन मजल्यांचे हे जुने तळघर त्यासाठी चांगली प्रयोगशाळा आहे. त्याचे फासे मोजता येतात, बीज तपासता येते आणि बाहेर पडण्याचा जिना सहज सापडतो. एका तासिकेत योद्ध्याचे शंभर वार मोजून त्यांचा आलेख काढावा आणि पुढच्या तासिकेत विद्यार्थ्यांनी स्वतःच्या फोनवरील एखाद्या खेळाला हेच प्रश्न विचारावेत. ज्या खेळाची उत्तरे मिळणारच नाहीत, त्याच्याविषयी वेगळा उपदेश करण्याची गरज उरणार नाही.