थापीचा वारसा, खोलीचा वारसा

स्थलांतरितांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा 'ग्रामीण' आणि 'महानगरीय' या दोन कप्प्यांत विभागली जाते. दोन्हीकडे ताणले गेलेले एखादे कुटुंब मात्र यांपैकी कोणत्याच कप्प्यात मावत नाही. पिएत्रो दि दोनातो यांची 'ख्राइस्ट इन काँक्रीट' (१९३९) ही कादंबरी आणि जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक शेजारी ठेवून वाचताना ही अडचण प्रकर्षाने जाणवते.

दि दोनातो यांच्या कादंबरीत गुड फ्रायडेच्या दिवशी बांधकाम कोसळून जेरेमिओ काँक्रीटमध्ये गाडला जातो आणि कोवळ्या वयाचा पॉल बापाची थापी हाती घेतो. येथे वारसा म्हणून मिळते ते काम. ते जीवघेणे आहे, पण ते हातात आहे, आणि ते शिकवायला बापाचे देशबांधव आहेत. कुटुंब, धर्म आणि बिरादरी या तिन्हींना ही कादंबरी विटेच्या स्पर्शातूनच भिडते.

गिरणगावातही काम हा नात्याचाच व्यवहार होता. इटालियन मजुरांना 'पाद्रोने' काम मिळवून देई आणि त्यांच्या कमाईत वाटा घेई. मुंबईत ती जागा जॉबरची. भाऊ, भाचा, गाववाला 'बदली' म्हणून लागे. खोली गावकऱ्यांची, जेवण खाणावळीतले, बायको बहुधा गावी. म्हणून जानेवारी १९८२च्या संपाकडे केवळ वेतनाचा लढा म्हणून पाहणे अपुरे आहे. त्या संपानंतर पिढीकडून पिढीकडे काम सोपवणारी साखळीच तुटली. (आपली समीक्षा 'वर्ग' म्हणते तेव्हा ही साखळी तिच्या नजरेतून निसटते, हा दोष मी माझ्या जुन्या टिपणांतही पाहतो.)

'अधांतर'ची ताकद नेमकी येथे आहे. रंगमंचावर गिरणी नाही, आहे ती चाळीतली एक खोली. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये रमतो, नरू टोळीच्या वाटेने जातो. थापीसारखे कुणाच्याच हाती काही येत नाही. वारसा उरतो तो फक्त खोलीचा. आईच्या बोलण्यातला कडवटपणा अनेकांना अतिरंजित वाटतो. मला तो संहितेतील सर्वांत अचूक भाग वाटतो, कारण त्या घरात श्रमाचे सातत्य आता एकटी तीच टिकवून आहे.

हे नाटक शिकवताना केशोरीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ''सर, यांचं गाव कोणतं?'' प्रश्न भाबडा नव्हता. त्याच्याच परिसरात, गोठणगावला, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथील कुटुंबे हिवाळ्यात स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात आणि हंगाम संपला की 'गावी' परततात. हे गाव त्यांच्या पूर्वजांचे नाही, १९७०च्या दशकात वसवलेले आहे. त्या मुलाने गाव म्हणजे परतण्याची जागा, एवढाच अर्थ गृहीत धरला होता. तो अर्थ लावून पाहिला, तर धुरी कुटुंबाला गाव नाही.