अल्प प्रमाण की अल्प निदान ?

निरनिराळ्या जनसमूहांतील कर्करोगाच्या प्रमाणाची तुलना करणे, ही आपल्याकडील वैद्यकीय संशोधनाची प्रतिष्ठित परंपरा होय. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली आणि तिच्या आधारे जस्सावाला, देशपांडे, हेन्झेल व नाटेकर यांनी १९७० साली पारशी समाज व बृहन्मुंबईची एकूण लोकसंख्या यांतील भेद मांडले. त्या निबंधाचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तीच पद्धती चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशास लावून, रुग्णालयांच्या नोंदींवरून ‘आदिवासींत जठराचा कर्करोग कमी’ असा निष्कर्ष काढणे कितपत युक्त ठरेल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अशा तुलनेमागे एक गृहीत असते : रोग झाला की तो बहुधा ओळखला जातो, आणि ओळखला गेला की नोंदला जातो. महानगरात हे गृहीत बऱ्याच अंशी टिकते. भामरागड-एटापल्लीकडे ते टिकत नाही. या रोगाची आरंभीची लक्षणे मोघम असतात : अरुची, अपचन, थोडक्यात पोट भरणे, पुढे वजन घटणे व रक्तक्षय. निश्चित निदानासाठी एन्डोस्कोपी करून जठराच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. जेथे हिवताप, सिकलसेल व कुपोषण नित्य परिचयाचे आहेत, तेथे कृश व फिकट रुग्णाच्या लक्षणांना दुसरे कारण आधीच हाताशी असते. त्यातच रुग्णाची भाषा माडिया व विचारणाऱ्याची मराठी. पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा रस्ताही तुटतो. असा रुग्ण घरीच दगावला, तर त्याची गणना कर्करोगात होण्याचा संभव फारसा नाही.

तपासणीवाचून रोगाचे प्रमाण ठरविण्यातील धोका याच जिल्ह्यातील एका अभ्यासाने दाखविला आहे. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा व अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले, अशी तपासणी पूर्वी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. कोणत्याही नोंदवहीवरून हे प्रमाण कळले नसते.

वंशाचे स्पष्टीकरणही येथे अपुरे पडते. वर उल्लेखिलेल्या हेन्झेल यांनीच कुरिहारा यांच्यासह १९६८ साली अमेरिकेतील जपानी स्थलांतरितांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून व पुढील संशोधनातून असे दिसले की, तेथे जन्मलेल्या पिढीत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण घटते. वंश तोच, राहणी मात्र बदललेली. १९९४ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू या रोगाचे कारण म्हणून मान्य झाला; तंबाखूचा संबंधही सिद्ध आहे. शिवाय बहुसंख्य आदिवासी असलेल्या मिझोराममधील ऐझॉल येथे पुरुषांतील या रोगाचे प्रमाण देशातील नोंदण्यांत अग्रस्थानी आहे. तेव्हा ‘आदिवासी’ हा एकच वैद्यकीय वर्ग मानता येत नाही.

हा केवळ पद्धतिशास्त्राचा वाद नव्हे. आकडा अल्प म्हणून तपासणीची सोय नको, आणि सोय नाही म्हणून आकडा अल्प, असे हे चक्र आहे. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीच्या २०१८ च्या अहवालानेही स्वतंत्र आकडेवारीचा अभाव निदर्शनास आणला आहे. म्हणून अभ्यासकांनी यापुढे रुग्णसंख्येशेजारी ‘किती जणांची एन्डोस्कोपी झाली’ हा रकाना अवश्य द्यावा, आणि तो रिकामा असेल तेथे रोगाच्या रकान्यात शून्य लिहू नये.