स्वरांची उतरंड : 'लिटिल चॅम्प्स'च्या एका पर्वाचा फेरविचार

'झी मराठी'वरील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चे 2008-09 चे पर्व संपून दीड दशक उलटून गेले. तरीही कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही अंतिम फेरीतली पाच नावे मराठी घरांत आजही एका दमात घेतली जातात. 2021 साली वाहिनीने याच पाच जणांना नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसवले. 2023 मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचे लग्न झाले, तेव्हा अनेकांना ते आपल्याच घरचे कार्य वाटले. इतका जिव्हाळा ज्या कार्यक्रमाच्या वाट्याला येतो, त्याची समीक्षा सहसा होत नाही. त्या पर्वाबद्दल जे बोलले गेले ते दोनच प्रकारचे होते : मुलांचे तोंडभर कौतुक, नाहीतर निकालावरची भांडणे. त्या काही महिन्यांत आपली गाणे ऐकण्याची रीत कशी घडली, हा प्रश्न मात्र दोन्हींतून निसटला. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

सा खाली, नी वर

सुरुवात गुणपद्धतीपासून करू. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक अंकांऐवजी स्वर देत. 'ध' म्हणजे चांगले, 'नी' म्हणजे उत्तम आणि क्वचित, अगदी भारावून गेल्यावर, 'वरचा सा'. पल्लवी जोशी यांच्या सूत्रसंचालनातली ती निकालापूर्वीची शांतता, मुलाचा ताणलेला चेहरा आणि मग उच्चारलेला स्वर हे सगळे प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले होते. युक्ती नामी होती यात शंका नाही. संगीताच्या कार्यक्रमाला संगीताचीच परिभाषा मिळाली.

पण ही परिभाषा ज्या शास्त्रातून घेतली, तिथे स्वरांना अशी उतरंड नाही. तिथे सा हा पाया आहे. तंबोरा त्याच्यासाठी जुळवायचा आणि मैफल त्याच्यापाशी आणून सोडायची. सा लावता येणे हीच वर्षानुवर्षांची साधना आहे, असे आपल्याकडचे गुरू सांगत आले. गुणफलकावर मात्र तोच सा तळाशी गेला. नी हा सापेक्षा सरस ठरला आणि ग हा नापासाचा शेरा झाला. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, मालकंसात ऋषभ आणि पंचम नाहीत, पण म्हणून ते राग उणे ठरत नाहीत. एखादा स्वर घ्यायचा नाही हेही गाण्यातच असते.

कुणी म्हणेल, ही तर नुसती गंमत, तिचा एवढा कीस कशाला काढायचा? पण शब्द सवय लावतात. त्या वर्षी दिवाणखान्यांत बसून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे 'याला नी मिळायला हवा होता' असे बोलू लागले. या वाक्यात गाण्याबद्दल काहीच नाही, गाण्याच्या किमतीबद्दल आहे. शिवाय सात पायऱ्यांच्या या शिडीवर प्रत्यक्षात वापर वरच्या दोन-तीन पायऱ्यांचाच होई. समोर लहान मूल असताना कोण खाली उतरणार? परिणामी एका उत्तम गाण्यातला आणि दुसऱ्या उत्तम गाण्यातला फरक सांगण्याची जबाबदारीच कुणावर उरली नाही.

ध्वनिमुद्रिकेचे राज्य

दुसरा मुद्दा अधिक खोलवरचा आहे. या पर्वातली बहुतेक गाणी आधी ध्वनिमुद्रित झालेली आणि श्रोत्यांना तोंडपाठ असलेली होती. कमलेश भडकमकर यांच्या संगीत संयोजनाखाली अमर ओक, सत्यजित प्रभू, अर्चिस लेले, नीलेश परब यांच्यासारखे वादक ती गाणी साथीला घेत. बासरीचा तुकडा असो की ढोलकीचा उठाव, मूळ गाण्यातले बारकावे ते हुबेहूब उभे करत. मोबाइलच्या रिंगटोनच्या त्या दिवसांत जिवंत वाद्यमेळ दर आठवड्याला घराघरांत पोचला. गायकामागचे वादक प्रेक्षकांना नावानिशी ओळखू येऊ लागले. या पर्वाचे हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण वाद्यमेळ जितका अचूक, तितकी गाणाऱ्या मुलावर मूळ ध्वनिमुद्रिकेची सावली गडद. मूळ गायिकेने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास, तिने घेतलेली हरकत त्याच मात्रेवर. ती जशीच्या तशी उतरली की परीक्षक खूश आणि प्रेक्षकही खूश. ती निसटली, किंवा मुलाने वेगळी जागा घेतली, की 'मूळ गाण्यात तसे नाही' हा आक्षेप तयार. तीन-साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका म्हणजे एका दिवशी एका स्टुडिओत झालेले एक गायन. ते गाण्याचे अनेक शक्यतांपैकी एक रूप होते. स्पर्धेने त्याला संहितेचा मान दिला.

अनुकरण वाईट असे मला म्हणायचे नाही. आपल्याकडचे शिक्षणच मुळी अनुकरणातून सुरू होते. कुमार गंधर्वांचे उदाहरण या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. लोक तोंडात बोट घालत. आजच्या भाषेत तो त्या काळचा 'लिटिल चॅम्प'च होता. पण त्याची गोष्ट तिथे थांबली नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आला. देवधरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गाणे कानावर पडे आणि त्यावर चर्चा झडत. नक्कल करणारा तो मुलगा पुढे इतका स्वतःचा गाऊ लागला की जुन्या श्रोत्यांना ते पचवणे जड गेले. अनुकरणाच्या टप्प्यावर टाळ्या मिळाल्या. त्यापुढची वाट बराच काळ बिनटाळ्यांची होती.

टीव्हीवरची स्पर्धा पहिल्या टप्प्याला बक्षीस देते आणि दुसऱ्या टप्प्यासाठी तिच्याकडे वेळ नसतो. हा कुणा परीक्षकाचा दोष नाही. दर आठवड्याला नवे गाणे आणि नवा निकाल हवा असेल तर मोजायला सोपे तेच मोजले जाणार, आणि ध्वनिमुद्रिकेशी जुळणे हे मोजायला सर्वांत सोपे आहे.

इथे नभोवाणीशी तुलना बोलकी ठरते. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले. गदिमांनी लिहावे, सुधीर फडके यांनी चाल बांधावी आणि आठवड्याला नवे गीत श्रोत्यांपुढे यावे, असा तो 56 गीतांचा क्रम होता. आठवड्याचा तगादा तिथेही होता, पण तो नवे निर्माण करण्याचा होता. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेने तोच तगादा जुने पुन्हा सादर करण्यासाठी वापरला. एका माध्यमाने गाण्यांचा साठा वाढवला, दुसऱ्याने तो उजळवला. उजळवणे हेही मोलाचे काम आहे. प्रथमेशच्या तोंडून नाट्यगीत ऐकून कित्येक घरांतली पोरे पहिल्यांदा संगीत नाटकाकडे वळली असतील. फक्त या दोन कामांत गल्लत होऊ नये.

मूल आणि पात्र

अशा कार्यक्रमात गळ्याबरोबर स्वभावही लोकांपुढे ठेवावा लागतो. मुग्धा 'लिटिल मॉनिटर' झाली, रोहित 'रॉकस्टार' झाला. मुग्धा तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. टोपणनाव लाडाचे असते हे खरे, पण ते चौकटही आखून देते. मॉनिटरने गोड आणि चुरचुरीत बोलायचे, रॉकस्टारने उसळते गाणे गायचे. मुलगा चौकटीबाहेरचे गायला तर त्याला 'वेगळा प्रयत्न' म्हणायचे. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, आवडीनिवडी बदलतात, आणि लोकांच्या मनातले पात्र मात्र तिथेच थांबलेले असते. रोहित राऊत 2019-20 मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उतरला आणि उपविजेता ठरला. दहा वर्षांनी त्याला आपली ओळख नव्याने मांडावी लागली, यातच सगळे आले.

आणखी एक बाब त्या वेळी फारशी कुणी विचारली नाही. चित्रीकरण किती तास चाले, शाळेचे काय होई, पैसे कुणाच्या नावावर जमा होत? बालकामगारविषयक कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तिच्या अनुषंगाने 2017 मध्ये नियम आले. त्यानुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक, किंवा विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. मिळकतीचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. 2008 मध्ये प्रेक्षक म्हणून आपल्याला हे प्रश्न सुचलेच नाहीत. मुले आनंदात दिसत होती, तेवढे आपल्याला पुरले.

निकाल कुणाचा?

2009 च्या फेब्रुवारीत महाअंतिम सोहळ्यात आळंदीची कार्तिकी विजेती ठरली आणि घराघरांत वाद पेटला. पुण्याच्या आर्याचे गाणे अधिक तयारीचे होते, असे एक बाजू म्हणे. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका, तीच तिची पहिली गुरू. स्वरांची सफाई, उच्चार, भावगीतातली नजाकत या मोजपट्टीवर तिचा दावा भक्कम होता. 'एसएमएसने गाणे हरवले' हे वाक्य मध्यमवर्गीय बैठकींत तेव्हा सर्रास ऐकू येई.

या वाक्यातला निम्मा भाग खरा आहे. एसएमएसचे मतदान म्हणजे लोकशाही नव्हे. लोकशाहीत एका माणसाला एक मत असते. इथे मत विकत घ्यायचे, तेही नेहमीच्या संदेशाहून जास्त दराने, आणि हवे तितक्या वेळा. अशा मतदानात गाव, जिल्हा आणि अस्मिता यांचे बळ लागते. 2007 च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगमागे अख्खा डोंगरी प्रदेश उभा राहिला आणि शिलाँगच्या अमित पॉलसाठी मेघालय, तेव्हा हे देशाने पाहिलेच होते. त्यामुळे निकालाला गुणवत्तेचा अंतिम दाखला मानण्याचे कारण नाही.

पण वाक्याचा उरलेला भाग तपासावा लागतो. कार्तिकीचे गाणे खरोखर 'हरवणारे' होते का? तिचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, आणि घर आळंदीत. गवळण, अभंग, भारूड हा तिच्या गळ्याचा मुलूख. आवाज खडा, उघडा, लांबवर पोचणारा. कीर्तनाच्या मंडपात ध्वनिक्षेपक नसताना मागच्या रांगेपर्यंत शब्द जावा म्हणून जो गळा पिढ्यान्‌पिढ्या घडला, त्याच जातीचा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मायक्रोफोनच्या जवळ, हळुवार गायला शिकलेल्या भावगीताच्या गळ्याशी त्याची तुलना करणे म्हणजे बासरी आणि सनई यांत सरस कोण हे विचारणे. इथे ध्वनिमुद्रिकेशी जुळण्याची मोजपट्टी लंगडी पडते. वारकरी भजनात एकच चाल गावागणिक वळण बदलते, टाळकरी ती उचलतात, वाढवतात. तिथे 'मूळ गाणे' नावाची एकच वस्तू नसते.

म्हणून त्या वादात खरी टक्कर दोन मुलींची नव्हती. ती दोन कानांची होती. पुण्या-मुंबईच्या भावगीत-नाट्यगीतावर पोसलेला कान गेली अनेक दशके आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि समीक्षा या तिन्ही ठिकाणी प्रमाण मानला गेला होता. तो कान समृद्ध आहे, माझाही तोच आहे. पण त्याने आपल्या आवडीला 'गाणे' म्हणावे आणि दुसऱ्याच्या आवडीला 'मते' म्हणावे, हे न्यायाचे नाही. आळंदीतली, लातूरमधली, कोकणातल्या आरवलीतली मुले एकाच मंचावर आली, तेव्हा मोजपट्टी एकच ठेवून चालणार नव्हते. ती बदलण्याची संधी परीक्षक, वाहिनी आणि आपण समीक्षक, सगळ्यांनीच दवडली. वाद निकालावर झाला, निकषांवर झालाच नाही.

मागे काय उरले

या पर्वानंतर गाण्याच्या शिकवण्या वाढल्या, पालकांची हौस वाढली आणि कराओके ट्रॅकवर गाणे हा रियाजाचा पर्याय होऊन बसला. ट्रॅक कधी थांबत नाही. तो गाणाऱ्याकडे पाहत नाही, त्याच्यासाठी लय सैल करत नाही, चुकला तर सांभाळून घेत नाही. पेटीवर बसलेले मास्तर हे सगळे करत. या बदलाचे सगळे खापर एका कार्यक्रमावर फोडता येणार नाही, तंत्रज्ञान आणि बाजार यांचा वाटा मोठा आहे. पण हुबेहूबपणाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात या पर्वाचा हात आहे, हे नाकारता येत नाही.

उपाय म्हणून अशा स्पर्धा बंद करा, असे म्हणणे फोल आहे. एक साधी फेरी मात्र सहज सुरू करता येईल. प्रत्येक मुलाला, कुणीही न गायलेली, चार-सहा ओळींची एक कविता द्यावी. मास्तरांबरोबर, आईवडिलांबरोबर, किंवा एकट्याने आठवडाभर तिच्याशी झटू द्यावे. मग पेटी आणि तबला एवढ्याच साथीवर ती ऐकावी. तिथे जुळवून पाहायला ध्वनिमुद्रिका नसेल. परीक्षकाला 'मूळ गाण्यात तसे नाही' म्हणता येणार नाही. शब्द कळले का, चाल शब्दांवर बसली का, आवाज आपल्या जातीला जागला का, हे त्याला स्वतःच्या कानाने ठरवावे लागेल आणि भाषेत सांगावे लागेल. एका स्वराच्या शेऱ्यावर भागणार नाही.

अशा फेरीत आळंदीचा गळा आणि पुण्याचा गळा एकाच पायरीवरून सुरुवात करतील. ती पायरी खालचीच असेल, षड्जाची, आणि गाणे सुरू होते ते तिथूनच.