वाट पाहण्याचा खर्च कोण करतं? अ‍ॅशली मियर्स यांचं ‘प्रायसिंग ब्यूटी’ वाचताना

संशोधनाचा विषय शोधताना आपण बरेचदा घरातल्याच एखाद्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझंही तसंच झालं. माझी मावसबहीण फॅशन डिझाइनचा कोर्स करून मुंबईत एका स्टायलिस्टकडे इंटर्न म्हणून लागली. कपड्यांच्या बॅगा उचलायच्या, इस्त्री करायची, शूट संपलं की एकेक नग मोजून परत पाठवायचा. सहा महिने पगार नाही, फक्त लोकलच्या पासाचे पैसे. मी माझ्या पहिल्या आराखड्यात सरळ लिहून टाकलं की हे शोषण आहे. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: ‘मग ती सोडून का जात नाही?’

‘आवड असते हो,’ हे उत्तर इथे चालत नाही. आवड तर गाण्याचीही असते, पण सगळेच गायक फुकट गात नाहीत. आवड नेमक्या कुठल्या व्यवस्थेत फुकट कामाचं रूप घेते, हे दाखवावं लागतं. ते कसं दाखवायचं हे मला ज्या पुस्तकातून कळलं, त्याबद्दल आज लिहितोय. ते कुठे अडतं तेही सांगतो, कारण तुमच्या कामाला ते जास्त उपयोगी पडेल.

‘प्रायसिंग ब्यूटी’ २०११ साली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने प्रसिद्ध केलं. न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रात पीएचडी करत असताना मियर्स स्वतः मॉडेल म्हणून काम करत होत्या. न्यूयॉर्क आणि लंडन ही त्यांची दोन क्षेत्रं. वय २३, म्हणजे या धंद्याच्या हिशेबात म्हातारपण, म्हणून एजन्सीने वय १८ सांगायला लावलं. कास्टिंगला रांगेत उभं राहणं, काही सेकंदांत फोटोंची फाइल चाळून ‘थँक यू’ ऐकणं, हे सगळं त्यांनी नोंदवलं आणि जोडीला मॉडेल, बुकर, क्लायंट यांच्या मुलाखती घेतल्या.

पुस्तकाचा कणा म्हणजे एक उलटा हिशेब. नामांकित मासिकाच्या शूटला पैसे अगदी किरकोळ, आणि ज्याची कोणी वाहवा करत नाही त्या कॅटलॉगच्या कामाला चांगले. मग मासिकामागे का धावायचं? कारण तिथे नाव होतं, आणि नावातून एखाद्या दिवशी परफ्यूमची मोठी जाहिरात लागू शकते. लागते फार थोड्यांना. पण ती लागू शकते, एवढ्यावर बाकीचे टिकून राहतात. म्हणजे सोडून न जाण्यामागे एक हिशेब आहे. तो भाबडेपणा नाही.

मला सर्वांत आवडलेला भाग ‘ऑप्शन’चा. क्लायंट एजन्सीला सांगतो, अमुक मॉडेलची अमुक तारीख माझ्यासाठी धरून ठेवा. हे पक्कं बुकिंग नसतं, पण कोणी तारीख धरली आहे ही बातमी दुसऱ्या क्लायंटपर्यंत पोचते आणि त्याचाही रस वाढतो. ‘चांगला लुक’ कशाला म्हणायचं हे कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून सगळे एकमेकांकडे बघून ठरवतात. ‘सौंदर्य समाज घडवतो’ हे वाक्य आपण सगळे परीक्षेत लिहितो. मियर्स ते कुठल्या फोनवर आणि कुठल्या तारखेच्या खाली घडतं ते दाखवतात. संकल्पना अशी जमिनीवर आणणं शिकायचं असेल तर हे प्रकरण दोनदा वाचा.

आता माझा आक्षेप. पुस्तक सुरू होतं एजन्सीच्या दाराच्या आतून. आत आलेले, टिकलेले, बाहेर फेकले गेलेले सगळे दिसतात. मियर्सना स्वतःलाही शेवटी एका ईमेलने काढून टाकलं जातं. पण दारापर्यंत न पोचलेले दिसत नाहीत. पुन्हा, काम मिळालं नाही तर मियर्सचं नुकसान मर्यादित होतं. हातात विद्यापीठ होतं, आणि प्रत्येक नकार प्रबंधाच्या कामाचा होता.

याहून महत्त्वाचा मुद्दा पैशाचा आहे. विमानाचं तिकीट, व्हिसा, फोटो, कार्डं यांचा खर्च मॉडेलच्या खात्यावर चढतो आणि कमाईतून वळता होतो. कित्येक मुली कर्जातच काम करतात. हे वाईट आहेच. पण याचा अर्थ असाही होतो की गरीब घरातली मुलगी उधारीवर का होईना, न्यूयॉर्कला पोचू शकते. वाट पाहण्याचा खर्च एजन्सी उचलते आणि मग वसूल करते. माझ्या बहिणीच्या बाबतीत असं उधार देणारं कोणीच नव्हतं. तिच्या कांदिवलीच्या खोलीचं भाडं काका भरत होते.

म्हणून मियर्सची चौकट उचलून इंटर्नवर ठेवली की ती निसटते. नाव आणि पैसा यांचा उलटा हिशेब दोन्हीकडे जुळतो, पण तो खेळायला भांडवल कोण देतं, ते जुळत नाही. मॉडेलच्या डोक्यावर एजन्सीचं कर्ज असतं. इंटर्नच्या मागे घर असतं, आणि ज्याच्यामागे घर नाही तो येतच नाही.

हे लक्षात आल्यावर मी माझी मुलाखतींची यादी काढली आणि खजील झालो. सगळी नावं बहिणीच्या ओळखीतून आलेली, म्हणजे सगळी टिकलेली माणसं. तिला विचारलं, ‘तुझ्या वर्गातलं कोणी सोडून गेलं का गं?’ ती म्हणाली, ‘माझी रूममेट. दुसऱ्याच महिन्यात. आता एक्सपोर्टच्या कंपनीत मर्चंडायझर आहे, बरा पगार घेते. पण तिला कशाला विचारतोस? ती फॅशनमध्ये नाहीये ना आता.’

त्या शेवटच्या वाक्यात माझा अख्खा प्रबंध होता. कपडे बनवणाऱ्या कंपनीत रोज काम करणारी मुलगी ‘फॅशनमध्ये नाही’, आणि बिनपगारी बॅगा उचलणारी ‘फॅशनमध्ये आहे’. ही रेघ कोण मारतं? आणि मीही माझी यादी त्याच रेघेवरून केली होती.

आता मी मुलाखती स्टुडिओपासून सुरू करत नाही. एका कोर्सची एक बॅच घेतो आणि त्यातले सगळे शोधतो: राहिलेले, गेलेले, कधी आलेच नाहीत ते. काम तिप्पट झालंय, फोन कोणी उचलत नाही. पण तुम्ही कुठल्याही करिअरवर संशोधन करणार असाल, फॅशन असो, सिनेमा असो की स्पर्धा परीक्षा, तर प्रश्नावली बनवण्याआधी यादीकडे बघा. ती कुठल्या दारातून सुरू होते? आणि यादीतल्या प्रत्येकाला आवडीबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा: त्या महिन्यांचं भाडं कोणी भरलं?

मी गाइडच्या प्रश्नाचं उत्तर अजून लिहितोय. त्याच्या शेजारी मी दुसरा प्रश्न लिहून ठेवलाय: ‘आणि जी सोडून गेली, तिला सोडावं का लागलं?’