नोंद नसलेला मृत्यू : बर्गर यांचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’

एडवर्ड बर्गर यांच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (२०२२) या जर्मन चित्रपटाला २०२३ साली ब्रिटिश अकादमीचे सात आणि अमेरिकन अकादमीचे चार पुरस्कार मिळाले. इंग्रजीतर भाषेतील कोणत्याही चित्रपटाला ब्रिटिश अकादमीने तोवर इतके पुरस्कार दिले नव्हते. खुद्द जर्मनीत मात्र चित्रपटाचे स्वागत संमिश्र झाले. एरिख मारिया रेमार्क यांच्या कादंबरीशी त्याचे नाते कितपत उरले आहे, अशी पृच्छा तेथील समीक्षकांनी केली. ही पृच्छा रास्त असली तरी ती ‘मूळ कादंबरीत हे नाही’ एवढ्यावर थांबली, तर तिच्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. माध्यमांतरात बदल अटळ असतात, आणि मूळ संहितेशी इमान हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. झालेल्या बदलांमुळे आशयसूत्राचे काय झाले, आणि युद्धाविषयी जे म्हटले गेले ते अधिक खरे झाले की कमी, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत चित्रपटाच्या कीर्तीचा निवाडाही याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कादंबरी १९२८ च्या अखेरीस बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’मध्ये क्रमशः आणि जानेवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे जर्मन शीर्षक ‘पश्चिमेकडे नवे काही नाही’ अशा अर्थाचे आहे. इंग्रजी भाषांतराने ‘नवे नाही’च्या जागी शांतता आणली आणि तेच शीर्षक जगभर रूढ झाले, पण मूळ शब्दांचा कल शांततेपेक्षा वार्तेकडे अधिक आहे. सैन्याच्या दैनंदिन अहवालातील भाषा त्या शीर्षकात आहे. संपूर्ण कादंबरी पाउल बॉयमर या तरुण सैनिकाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते. अगदी शेवटच्या काही ओळींत मात्र ‘मी’ नाहीसा होतो आणि एक तटस्थ, तृतीयपुरुषी आवाज पाउलच्या मृत्यूची माहिती देतो. तो ऑक्टोबर १९१८ मधील अशा एका दिवशी मरतो, की त्या दिवसाविषयी नोंदवण्याजोगे अहवालाला काहीच सापडत नाही. ज्याच्या मनाचा प्रत्येक कंप आपण दोनशेहून अधिक पाने अनुभवला, त्याचा मृत्यू व्यवस्थेच्या लेखी घटनाच ठरत नाही. व्यक्तीचे अनुभवविश्व आणि व्यवस्थेची नोंदवही यांतील ही दरी निवेदनतंत्रातूनच सिद्ध होते. शीर्षकाचा उपरोध याच ठिकाणी पूर्णत्वास जातो.

लुइस माइलस्टोन यांच्या १९३० सालच्या चित्रपटानेही शेवट बदललाच होता. तेथे पाउल फुलपाखराकडे हात नेतो आणि एका नेमबाजाची गोळी त्याला लागते. मूळ कादंबरीच्या शेवटी असे फुलपाखरू नाही. पण त्या दिवसाचे क्षुल्लकपण या बदलात अबाधित राहिले. चढाई नाही, इतिहासाचा कोणता निर्णायक क्षण नाही, एका निरुपद्रवी हालचालीच्या मध्येच आयुष्य संपते. म्हणजे माइलस्टोन यांनी दृश्य बदलले. त्यामागील विचार बदलला नाही. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी त्या चित्रपटाचे खेळ उधळले आणि काही दिवसांतच त्यावर जर्मनीत बंदी आली. मृत्यूला कोणताही उदात्त अर्थ न देणारी ही दृष्टी राष्ट्रवादी वीरगाथेला किती अडचणीची होती, याचा हा पुरावा मानता येईल.

बर्गर यांच्या चित्रपटाचा आरंभ या परंपरेला साजेसा, किंबहुना तिच्यात मोलाची भर घालणारा आहे. हाइनरिख नावाचा एक सैनिक चढाईत मारला जातो. त्याच्या अंगावरचा गणवेश उतरवला जातो, धुलाईत रक्त निघते, शिवणयंत्रांच्या रांगांत भोके बुजवली जातात आणि तोच गणवेश नव्याने भरती झालेल्या पाउलच्या हाती येतो. गळपट्टीवर दुसऱ्याचेच नाव पाहून पाउल विचारतो; अधिकारी, कपडा त्याला आखूड झाला असेल असे सांगत चिठ्ठी फाडून टाकतो. युद्ध ही कच्चा माल, दुरुस्ती आणि पुनर्वापर यांची साखळी आहे, आणि त्या साखळीत माणूस हाच काय तो सहज बदलता येण्याजोगा भाग आहे, हे येथे शब्दांवाचून सांगितले जाते. हा प्रसंग कादंबरीत नाही. तरीही तो कादंबरीच्या गाभ्याशी इमान राखणारा आहे, कारण कादंबरीचा उपरोधच येथे दृश्यरूप घेतो. जेम्स फ्रेंड यांच्या छायाचित्रणाला आणि कलादिग्दर्शनाला मिळालेले ऑस्कर या एका प्रकरणानेही सार्थ ठरावेत.

पण या प्रकरणाने जे वचन दिले, ते पुढे पाळले जात नाही. कादंबरीत एका वस्तूला विशेष महत्त्व आहे : केमरिखचे बूट. पाय कापलेला केमरिख मरणाच्या दारात असताना म्युलरची नजर त्या बुटांवर असते. पुढे म्युलर मेल्यावर ते पाउलकडे येतात. या देवाणघेवाणीत निष्ठुरपणा नाही. चांगले कातडे दुर्मीळ आहे आणि जिवंत माणसाला चालायचे आहे, एवढाच तिचा अर्थ. युद्ध भावनेचीही काटकसर कशी करायला लावते, हे त्यातून कळते. बर्गर यांच्याकडे बुटांची जागा एका फ्रेंच स्त्रीचा रुमाल घेतो. तोही मित्राकडून मित्राकडे जातो आणि अखेरीस मेलेल्या पाउलच्या अंगावरून एक कोवळा सैनिक तो घेतो. साखळी तीच, पण गुण बदलला आहे. बूट ही गरज होती, रुमाल ही स्मृतिखूण आहे. आरंभीच्या गणवेशाने ज्या हळवेपणाला नकार दिला होता, तोच रुमालाच्या वाटेने परत येतो.

याहून मोठा बदल संविधानकात आहे. पाउलच्या कथेला समांतर असे दोन धागे चित्रपट विणतो : कॉंपिएन्यच्या जंगलात, मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात युद्धविरामाच्या वाटाघाटी करणारे मातिआस एर्त्सबर्गर हे ऐतिहासिक नेते, आणि फ्रीडरिख्स हा काल्पनिक सेनापती. ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे युद्धविरामावर सह्या होतात. अकरा वाजता तो अमलात यायचा असतो. सैनिकी प्रतिष्ठेच्या हव्यासाने फ्रीडरिख्स त्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत चढाईचा हुकूम देतो, नकार देणाऱ्यांना गोळ्या घातल्या जातात आणि पाउल अकराच्या ठोक्याला संगिनीच्या जखमेने मरतो. ज्या मृत्यूची नोंदही होत नव्हती, तो आता घड्याळाशी बांधलेली घटना झाला आहे. शीर्षक तसेच राहते, पण त्याचा अर्थ निघून जातो. कारण ११ नोव्हेंबर हा ‘नवे काही नाही’ असे म्हणण्याचा दिवस खचितच नव्हता.

इतिहासाच्या दृष्टीनेही ही कल्पना तपासून पाहण्याजोगी आहे. त्या सकाळी युद्धविरामाची वार्ता कळल्यानंतरही लढाई चालू राहिली आणि माणसे मेली, हे सत्य आहे. पण त्या सकाळच्या चढाया मुख्यतः दोस्तांच्या, विशेषतः काही अमेरिकी तुकड्यांच्या होत्या. हेन्री गुंथर हा अमेरिकी सैनिक अकराला एक मिनिट कमी असताना पडला. जर्मन सैन्य माघारीत होते. प्रतिष्ठेखातर अखेरची लढाई देण्याचा बेत जर्मन बाजूला खरोखरच आखला गेला होता, पण तो आरमारात, ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस. त्याचा शेवट फार वेगळा झाला. खलाशांनी हुकूम नाकारला, उठाव कीलपर्यंत पोचला आणि त्यातून जर्मन क्रांतीचा भडका उडाला. म्हणजे फ्रीडरिख्सच्या हुकमाला इतिहासात उत्तर मिळाले होते, आणि ते सामान्य सैनिकांनी दिले होते. चित्रपट हुकूम ठेवतो आणि उत्तर गोळीबाराच्या एका दृश्यात संपवतो. सैनिकाच्या दुःखाची कैफियत मांडताना तो त्याचे कर्तृत्व मात्र हिरावून घेतो.

या दोन धाग्यांसाठी जे वगळले गेले, तेही अर्थपूर्ण आहे. कादंबरीतील रजेचे प्रकरण चित्रपटात नाही. त्या प्रकरणात पाउल घरी येतो आणि त्याला बोलताच येत नाही. आई आजारी आहे, गावातील प्रतिष्ठित मंडळी कोणकोणते प्रदेश जोडून घ्यावेत याची चर्चा करीत आहेत, आणि केमरिखच्या आईला तो, तिचा मुलगा तत्क्षणी, वेदनेविना गेला, असे खोटे सांगतो. देशभक्तीची भाषणे देणारा शिक्षक कान्टोरेक पुढे स्वतःच भरती होतो आणि त्याच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून कवायतीत रगडला जातो. चित्रपटातही शाळेतील जोशपूर्ण भाषण आहे. पण त्यानंतर शाळा, घर, गाव यांचा विसर पडतो. रेमार्क यांनी युद्धाची जबाबदारी शिक्षक, वडीलधारे आणि गावकरी अशा अवघ्या नागरी समाजात विखुरलेली दाखवली होती. चित्रपटात ती एका भोजनासक्त सेनापतीच्या ठायी गोळा होते. खलनायक सापडला, की प्रेक्षक निर्दोष ठरतो.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा फरक अधिक नेमका सांगता येईल. कादंबरीचा शेवट करुणातून शांताकडे झुकतो. त्यातील निवेदक मृत पाउलच्या चेहऱ्यावरील स्वस्थतेचा उल्लेख करतो आणि वाचकाच्या मनात निर्वेद जागतो. चित्रपटाचा मध्यभाग भयानक आणि बीभत्स यांनी समर्थपणे व्यापलेला आहे. रणगाडे आणि ज्वालाफेकी यंत्रे यांचा प्रसंग विसरता येणार नाही. शेवटी मात्र त्याचा कल रौद्राकडे जातो, आणि रौद्राला आलंबन म्हणून शत्रू लागतो. फ्रीडरिख्स ती गरज भागवतो. क्रोधात एक प्रकारचे समाधान असते. निर्वेद असे कोणतेही समाधान देत नाही, आणि युद्धविरोधी कलाकृतीचे सामर्थ्य नेमके त्या न देण्यात असते.

एका आक्षेपाचा येथे विचार केला पाहिजे. एर्त्सबर्गर यांची १९२१ मध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी हत्या केली. रणांगणावर अजिंक्य असलेल्या सैन्याच्या पाठीत मुत्सद्द्यांनी सुरा खुपसला, या दंतकथेचे ते बळी होते. त्यांना कथेत आणून चित्रपट त्या दंतकथेला उत्तर देतो, असे म्हणता येईल. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. पण जो प्रेक्षक त्यांचा पुढील इतिहास जाणत नाही, त्याला चित्रपट तो सांगत नाही. त्याच्या मनावर ठसते ते फॉश यांचे अकरुण ताठरपण आणि एर्त्सबर्गर यांची असहायता. दंतकथेचे खंडन करण्यासाठी सैन्य आधीच हरले होते हे दाखवावे लागते. चित्रपटाचे अखेरचे निवेदन तर आघाडी चार वर्षे जवळजवळ हललीच नाही, असे सांगते. वस्तुतः मार्च १९१८ पासून ती मोठ्या प्रमाणावर हलली होती, आणि ऑगस्टनंतर जर्मनांच्या विरोधात. हा पराभव चित्रपटात कोठेच दिसत नाही.

तेव्हा या चित्रपटाच्या कीर्तीची विभागणी करावी लागते. ऑस्करने छायाचित्रण, संगीत आणि कलादिग्दर्शन यांचा गौरव केला; त्यांतील पहिला आणि शेवटचा मान निर्विवाद आहे, तर फोल्कर बेर्टेलमान यांच्या तीन स्वरांच्या घोषवजा संगीताविषयी दुमत होऊ शकेल. ब्रिटिश अकादमीने आधारित पटकथेचाही सन्मान केला, आणि तेथे मात्र सहमत होता येत नाही. पटकथेतील महत्त्वाचा प्रत्येक बदल मृत्यूला प्रसंग देणारा, दोषाला चेहरा देणारा आणि वस्तूला स्मृती देणारा आहे. रेमार्क यांनी या तिन्ही गोष्टी नाकारल्या होत्या, म्हणून त्यांचे पुस्तक १९३३ मध्ये जाळले गेले आणि म्हणूनच ते आजही वाचले जाते. गणवेशाच्या त्या पहिल्या प्रकरणाने दाखवलेल्या वाटेने बर्गर शेवटपर्यंत गेले असते, तर पाउल कोणत्या तारखेला मेला हे आपल्याला कळले नसते, आणि चित्रपट अधिक मोठा झाला असता.