‘वाजवी काळ’ कोणाचा?

न्यायालयाचे निकालपत्र आपण कायद्याचा कागद म्हणून वाचतो. माझे म्हणणे असे की, ते साहित्यकृतीसारखेही वाचले पाहिजे. त्यातही निवेदक असतो, पात्रे असतात. कोणाची बाजू पानेच्या पाने मांडली जाते आणि कोण केवळ ‘अर्जदार’ म्हणून उरतो, यावरून लिहिणाऱ्याची बांधिलकी कळते. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मी येथे तपासणार आहे. दोन्ही कर्नाटकच्या एकाच कायद्यावरचे आहेत. मधे तेहतीस वर्षांचे अंतर आहे.

हा १९७८ चा कायदा १ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. सरकारने अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन शर्त मोडून दुसऱ्याकडे गेली असेल, तर तो व्यवहार रद्दबातल धरून ती मूळ धारकाला किंवा त्याच्या वारसाला परत द्यावी, असे तो सांगतो. यासाठी अर्जच हवा असे नाही. सहायक आयुक्ताला स्वतःहून कारवाईचा अधिकार आहे. अर्जाला मुदत मूळ कायद्यात घातलेली नव्हती.

खरेदीदार या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. त्या निकालाचा गाभा साधा आहे: जमीन विकू नये ही शर्त दानपत्रातच होती, ती मोडून घेणाऱ्याच्या पदरात पडली ती डळमळीत मालकी. धारकाचे दारिद्र्य आणि अज्ञान यांचा फायदा घेतला जातो, हे न्यायालयाने मान्य केले. त्याच वेळी, कायदा येण्यापूर्वीच दीर्घ वहिवाटीने ज्यांची मालकी पक्की झाली होती, त्यांना त्याने वगळले. म्हणजे दोन्ही पक्ष निकालात हजर आहेत. याला मी न्याय्य निवेदन म्हणतो.

२०१७ च्या निकालात निवेदनाचा केंद्रबिंदूच बदलला. कायदा लागू झाल्यावर सुमारे चोवीस वर्षांनी अर्ज आला. मुदत लिहिलेली नसली तरी अधिकार ‘वाजवी काळात’च वापरला पाहिजे, म्हणून जमीन परत मिळणार नाही, असे न्यायालय म्हणाले. आता कथेचा नायक काळ झाला. धारक उरला तो केवळ उशीर करणारा.

माझा आक्षेप येथे आहे. वाजवी काळ कोणाच्या आयुष्याच्या मापाने मोजायचा? ज्याच्याकडे जमीन गेली त्याच्याच बांधावर मजुरी करून ज्याची चूल पेटते, त्याने त्याच्याविरुद्ध अर्ज कधी करायचा? बहिष्काराचे भय, कर्जाचा फास, निरक्षरता यांची वर्षे दिरंगाईत धरायची काय? आणि चोवीस वर्षे धारक गप्प होता असे म्हणताना, स्वतःहून कारवाईचा अधिकार असलेला अधिकारी किती वर्षे गप्प होता, हे कोण मोजणार? शासनाच्या झोपेची शिक्षा दलिताला, असा हा हिशेब आहे.

खरेदीदाराची बाजू नाकारावी, असे मी म्हणत नाही. तिसऱ्या-चौथ्या हाताने जमीन घेतलेला, घाम गाळून ती पिकविणारा लहान शेतकरीही असू शकतो. त्याला नोटीस, सुनावणी, अपील मिळालेच पाहिजे. त्याची खरोखर फसवणूक झाली असेल तर भरपाई विकणाऱ्या मध्यस्थाकडून वा शासनाकडून मिळावी. मूळ धारकाच्या हक्कातून ती कापून घेऊ नये.

२०२३ मध्ये कर्नाटकने कायदा दुरुस्त केला: अर्जाला काळमर्यादा नाही, आणि प्रलंबित प्रकरणांनाही हेच लागू. परंतु २०२४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की, मुदत वेगळी आणि दिरंगाई वेगळी. दुरुस्तीने दिरंगाईचा मुद्दा संपत नाही. विधिमंडळाने दार बंद केले, तर व्याख्येने खिडकी उघडली.

महाराष्ट्राने हे परके समजू नये. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले; पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. फेरदान केलेल्या जमिनींवर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करण्याची शर्त घातली गेली. शर्त कागदावर आणि जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली, हे चित्र आपल्या गावगाड्यालाही ओळखीचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबू नका. फेरफार केव्हा झाला, शर्तीची नोंद कोठे गेली, अधिकाऱ्याला केव्हा कळले, या तारखा धारकाच्या अर्जाच्या तारखेशेजारी मांडा आणि त्या न्यायालयापुढे ठेवा. उशीर मोजायचाच असेल, तर तो सर्वांचा मोजला गेला पाहिजे.